उमासे येणाऱ्या पेशंटचं दातांचं काम : माप, एक्स-रे आणि कवळी कशी पार पाडायची

वरच्या जबड्याच्या मापाचा ट्रे (कवळी किंवा कॅपसाठी जबड्याचा साचा घ्यायचा, ओला माल भरलेला) आत गेला, पेशंटच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने डॉक्टरचं मनगट घट्ट धरलं, की आपल्यापैकी बरेच जण दोन गोष्टी करतात. "झालंच, झालंच" म्हणत ट्रे आणखी दाबतात, आणि पुढच्या वेळी घशात भरपूर स्प्रे मारायचा असं मनाशी ठरवतात. दोन्हींनी काम अवघडच होतं. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी दवाखाना चालवताना माझं मत असं बनलंय की उमाशाचा निम्म्याहून जास्त इलाज ट्रे तोंडात जायच्या आधीच होतो, आणि तो म्हणजे कामाचा लगाम थोडा पेशंटच्या हातात देणं. स्प्रे, गोळ्या, गुंगी यांनाही जागा आहे, पण ती रांगेत मागे.

हे मुख्यतः नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या डेंटिस्टसाठी आणि त्यांच्या असिस्टंटसाठी लिहिलंय. ज्यांना स्वतःलाच उमासे येतात, त्यांनी घरच्या सरावाचा भाग तेवढा नीट वाचावा.

आत नेमकं काय होतं

मऊ टाळू आणि पडजीभ, जिभेचं मूळ, टॉन्सिलच्या दोन बाजूंच्या कमानी आणि घशाची मागची भिंत, या जागा पहारेकऱ्याच्या आहेत. इथे काही अनोळखी लागलं की खबर मुख्यतः नवव्या नसेतून, म्हणजे ग्लोसोफॅरिंजियलमधून, मेंदूच्या खालच्या भागात मेड्युलात जाते. तिथून व्हेगस आणि इतर नसांमार्फत घशाचे स्नायू आवळले जातात, जीभ मागे उचलली जाते. याच मेड्युलात उलटीचं, लाळेचं आणि हृदयाच्या ठोक्यांचं नियंत्रणही जवळजवळ असतं. म्हणून उमाशाबरोबर लाळ सुटते, डोळे पाणावतात, कपाळावर घाम येतो. पेशंट नाटक करत नाही, हे असिस्टंटला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

दुसरा प्रकार स्पर्शाशिवायचा. युजेनॉलचा (लवंगतेलातल्या औषधाचा) वास, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाची खळखळ, नुसता समोर धरलेला ट्रे, एवढ्यानेही काहींना उबळ येते. प्रत्यक्षात दोन्ही प्रकार एकाच माणसात मिसळलेले असतात. कुणात कशाचं माप जास्त, एवढंच शोधायचं.

आता एक गंमत बघा. आपल्याकडे सकाळी जीभ घासताना दोन बोटं मागपर्यंत घालून खाकरत घसा साफ करायची सवय कितीतरी घरांत आहे. आख्ख्या गल्लीला ऐकू जातं. तोच माणूस खुर्चीत बसला आणि टाळूला नुसता आरसा टेकला की उसळतो. मग फरक कशात? सकाळी बोटं त्याची स्वतःची असतात आणि कधी थांबायचं ते त्याच्या हातात असतं. खुर्चीत हात दुसऱ्याचा, मान मागे, तोंड उघडं, बोलायची सोय नाही. पुढे जे काही सांगणार आहे ते बहुतेक या फरकावर उभं आहे.

खुर्चीत बसवण्याआधी विचारायचं ते

केसपेपर भरतानाच विचारा, "दात घासताना उमासा येतो का?" उत्तर हो असेल तर पुढचे प्रश्न: ब्रश कुठवर गेला की येतो, कधीपासून येतो, आधी कुठे दातांचं काम करताना त्रास झाला होता का. शेवटच्या प्रश्नाला वेळ द्या. लहानपणी कुणीतरी डोकं धरून दाढ काढली, ही आठवण चाळीस वर्षांनीसुद्धा तितकीच ताजी निघते.

मग शरीराची बाजू. नाक चोंदलेलं असेल तर तोंड भरल्यावर माणूस गुदमरणारच. नाकाखाली तोंडाचा आरसा धरा आणि एकेका नाकपुडीची वाफ त्यावर उमटते का बघा, दहा सेकंदांचं काम आहे. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ, कापूस वेचणीच्या दिवसांतली शिंक-सर्दी, यांमुळे बंद नाकाचे पेशंट कमी नाहीत. नाक बंद असेल आणि काम निकडीचं नसेल तर माप पुढे ढकला.

अॅसिडिटी, छातीत जळजळ, साखरेच्या आजारावरच्या मेटफॉर्मिनसारख्या मळमळ आणणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, रात्रीची दारू, हे सगळं विचारा. गरोदर बाईचं न टळणारं काम शक्यतो मधल्या तीन महिन्यांत घ्या. पहिल्या तीन महिन्यांत तिला भाजीच्या फोडणीनेही उचमळतं, तिथे अल्जिनेटचं, म्हणजे मापाच्या मालाचं काय.

तंबाखूचा प्रश्न टाळू नका. बायका "मी काही खात नाही" म्हणतात आणि मिसरी लावतात. मिसरीला त्या व्यसन धरतच नाहीत, म्हणून "मिसरी लावता का?" असंच सरळ विचारा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पुड्या खाणारे पेशंट रोज येतात. त्यात सुपारीमुळे टाळू आणि गाल पांढुरके, ताठ झालेले असतील, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नसेल, तर तो नुसता उमाशाचा पेशंट नाही. तोंडच उघडत नसेल तर ट्रे वाकडातिकडा घालावा लागतो आणि टाळूला घासतो. तिथे आधी सबम्युकस फायब्रोसिसचं (तोंडाची आतली त्वचा ताठ होण्याच्या आजाराचं) बघा. आणि एरवी कधी उमासा न येणाऱ्या माणसाला अलीकडे यायला लागला, सोबत गिळताना अडकतं, आवाज बसलाय, मानेत गाठ आहे किंवा एका बाजूचा कान दुखतो, तर माप बाजूला ठेवून त्याला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा. तंबाखूच्या मुलुखात हे विसरून चालत नाही.

किती त्रास आहे ते ठरवा

डिकिन्सन आणि फिस्क या दंततज्ज्ञांनी २००५ मध्ये मांडलेली पाच पायऱ्यांची मोजपट्टी कामाची आहे. पहिल्या पायरीचा पेशंट वरच्या मापासारख्या अवघड कामातच कधीमधी उसळतो आणि स्वतःच सावरतो. दुसऱ्या पायरीवर फिलिंग, स्केलिंगसारख्या (दात साफ करण्यासारख्या) रोजच्या कामातही उमासा येतो, पण थोडा धीर दिला की जमतं. तिसऱ्या पायरीवर खालच्या दाढांची आतली बाजू नुसती तपासतानाही येतो आणि एकदा आला की काम थांबवावंच लागतं. चौथ्या पायरीवर आरसा न लावता नुसतं बघतानाही त्रास होतो. पाचव्या पायरीवर तर हात लावायचीही गरज नसते, आणि माणूस दवाखान्यात येणंच टाळतो.

पहिल्या दोन पायऱ्या आपल्या रोजच्या हातातल्या. तिसरीला घरचा सराव लागतो. चौथी-पाचवीला पहिल्या भेटीत फक्त बोला. काही करू नका.

वेळ, पोट आणि सोबतचा माणूस

खेड्यातून येणारा पेशंट पहाटेच्या एसटीने निघतो, उपाशीपोटी दोनदा चहा पितो आणि अकराला तुमच्यासमोर बसतो. रिकाम्या पोटात चहाचं आम्ल आणि वर प्रवासाची मळमळ. दुसरा टोकाचा प्रकार म्हणजे आठवडी बाजारात भजी-पोहे हाणून येणारा. दोघांनाही फोनवरच सांगा, दोन-तीन तास आधी हलकं खाऊन या, अर्धी भाकरी-वरण पुरे, चहा एकदाच. मे महिन्याच्या दुपारी पारा बेचाळीसच्या वर असतो, तेव्हा बाहेरून आलेल्या माणसाला पंख्याखाली वीस मिनिटं बसू द्या, पाणी द्या. तापलेल्या, तहानलेल्या माणसाचं माप घेण्यात घाई नाही.

ज्याला सकाळी ब्रश करतानाच जास्त त्रास होतो, त्याला दुपारची किंवा संध्याकाळची वेळ द्या.

आणि सोबतचा माणूस. "हिला लई ओकाऱ्या येतात बरं का म्याडम, मागच्या वेळी तर सगळं अंगावरच..." असं सुरू करणारी नणंद किंवा शेजारीण असेल तर तिला प्रेमाने बाहेर चहाला पाठवा. ऐकूनच पेशंटच्या घशात काहीतरी हलायला लागतं.

खुर्चीत पहिली पाच मिनिटं

खुर्ची सरळ ठेवा. पेशंटला आडवं केलं की पाणी, लाळ, माल सगळं घशाकडेच जातं. उमासे येणाऱ्याला शक्यतो ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली.

इशारा ठरवा. "डावा हात वर केला की मी थांबणार. विचारणार नाही, थांबणार." आणि मग खरंच थांबा. पहिल्यांदा पेशंट नुसती परीक्षा घ्यायला हात वर करतो. त्या वेळी तुम्ही आरसा बाहेर काढलात की पुढचं काम सोपं झालं. "अजून दोनच सेकंद" म्हणालात तर तो इशारा मेला.

बोलताना "ओकारी येणार नाही" असं म्हणू नका. शब्द ऐकला की घसा तिकडेच बघतो. "नाकाने श्वास घ्या, पोट फुगू द्या, हळू सोडा" एवढंच म्हणा. आधी पाचसहा श्वास तुम्ही स्वतः सोबत घ्या. शरमू नका, हे काम करतं. पोटाने चाललेला श्वास घसा सैल ठेवतो.

लक्ष दुसरीकडे नेण्याच्या युक्त्या पुष्कळ आहेत, पण मला दोनच भरवशाच्या वाटतात. पहिली पाय उचलण्याची. १९६३ मध्ये क्रोल या दंततज्ज्ञांनी सांगितलेली आहे. पेशंटने एक पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलून धरायचा, थकला की दुसरा. स्नायू दमायला लागले, चेहऱ्यावर जोर दिसायला लागला, की त्याच क्षणी ट्रे आत. सगळं ध्यान पायात असतं. धोतरातले आजोबा आणि नऊवारीतल्या आज्यांना पाय वर करणं अवघडल्यासारखं होतं. त्यांना दोन्ही पायांची बोटं जोरात आवळायला सांगा किंवा हाताने खुर्चीचा दांडा पिळायला सांगा. कमरेचं, गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनाही हेच.

दुसरी मिठाची. चिमूटभर साधं मीठ जिभेच्या टोकावर पाच सेकंद ठेवायचं, मग चूळ भरून लगेच काम. अगदी साधी गोष्ट आहे, प्रत्येकाला लागू पडत नाही, पण पडते तेव्हा पेशंटही हसतो आणि हसलेला माणूस उसळत नाही.

मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या दिसणाऱ्या स्नायुबंधांच्या मध्ये दाबण्याची जागा आहे. तशीच एक खालच्या ओठाखालच्या खळग्यात. या अॅक्युप्रेशरबद्दलचा पुरावा कुठे बाजूने, कुठे विरुद्ध आहे. पण पेशंटने स्वतःच दाबायचं असल्याने त्याच्या हाताला काम मिळतं, आणि अपाय काही नाही. म्हणून मी सांगते.

१९७३ मध्ये सिंगर या दंततज्ज्ञांनी मांडलेली तोंडात गोट्या धरून सवय लावायची पद्धतही जुन्या पुस्तकांत आहे. गोटी घशात जायचा धोका बघता मी ती कुणाला घरी करायला सांगत नाही.

एक्स-रे

क्रम पाळा: आधी पुढचे दात, मग खालच्या दाढा, वरच्या दाढा सगळ्यात शेवटी. मशीनचा कोन, वेळ, सगळं आधी बाहेरच लावून ठेवा, सेन्सर (तोंडात ठेवायची, एक्स-रे टिपणारी पट्टी) आत गेल्यावर शोधाशोध नको. सेन्सर टाळूवरून सरकवत मागे नेऊ नका. सरकणारा स्पर्श सगळ्यात वाईट. आडवा आत न्या, जागेवर आल्यावर एकदाच ठामपणे टेकवा, "श्वास" म्हणा आणि बटण दाबा. सेन्सर जाड आणि कडक असतो. त्याने जमत नसेल आणि साधी फिल्म असेल तर लहान मुलांची छोटी वापरा. तीन-चार दाढांचा प्रश्न असेल तर मुकाट्याने ओपीजी (बाहेरूनच घेतला जाणारा अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) काढायला पाठवा. अक्कलदाढेसाठी तर मी पहिल्यांदा ओपीजीच सांगते, उगाच तिथे झगडायचं कशाला.

माप घेताना

इथेच खरी परीक्षा, म्हणून इथे सावकाश.

आधी रिकामा ट्रे. ट्रे निवडताना मागची कड मऊ टाळूवर जाते का बघा. जात असेल तर एक माप लहान घ्या, कमी पडलेली जागा मेणाने भरा. ट्रेच्या मागच्या कडेला मेणाची बारीक पाळ बसवा, ती माल घशाकडे जाऊ देत नाही. बाजारात मिळणाऱ्या ट्रेमध्ये लोखंडी जाड कडेचे असतात, ते पहिल्या पायरीपुढच्या पेशंटला वापरू नका.

मग तो रिकामा ट्रे पेशंटलाच द्या. मिसरी लावणाऱ्या एका आजीची गोष्ट सांगते. कवळीसाठी माप द्यायचं होतं, ट्रे दिसला की त्या तोंड फिरवायच्या. "मला भाकर गिळता येती बाई, पन ही पाटी आत गेली की ओकारी यायलीय." म्हटलं, "आजी, पाटी मी घालतच नाही. तुम्हीच घाला." त्यांनी आरशात बघत आधी पुढच्या हिरड्यांपर्यंत नेला, काढला, चूळ भरली. परत घातला, या खेपेला थोडा मागे. नंतर ट्रे तोंडात ठेवूनच माझ्याकडे बघून मान हलवली. खालचं माप त्याच दिवशी झालं. वरचं पुढच्या बाजाराच्या दिवशी, ट्रे आत बसवला त्यांनीच, मी फक्त वरून धरला.

खालचं माप नेहमी आधी. ते सोपं असतं आणि "जमलं" ही भावना वरच्या मापाला कामी येते.

अल्जिनेट लवकर सेट होणारं घ्या, जे मिसळायला सुरुवात केल्यापासून एक ते दोन मिनिटांत घट्ट होतं. साधं अल्जिनेट साडेचार मिनिटांपर्यंत घेतं, आणि उमासा येणाऱ्याला ते युगासारखं वाटतं. पाण्याचं तापमान इथे मोठा खेळ करतं. गरम पाण्यात अल्जिनेट लवकर सेट होतं, गारमध्ये उशिरा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी इतकं तापलेलं असतं की माल वाटीतच घट्ट होतो. मग घाईत ओबडधोबड ट्रे घातला जातो आणि माप परत घ्यावं लागतं. दुसऱ्यांदा घालायचा ट्रे पेशंटला पहिल्यापेक्षा दुप्पट जड जातो. उन्हाळ्यात पाणी मोजून, थर्मामीटर लावून, फ्रिजमधलं मिसळून साधारण तेवीस अंशांवर आणा. डिसेंबरमध्ये उलटं, थोडं कोमट करा. बोअरच्या पाण्यातले क्षारही वेळेवर परिणाम करतात, म्हणून मापासाठी डिस्टिल्ड पाण्याचा कॅन वेगळा ठेवा. टँकरच्या दिवसांत कसलं पाणी नळाला येईल याचा नेम नसतो.

माल दाट ठेवा, पातळ माल घशाकडे ओघळतो. ट्रेच्या मागच्या भागात माल कमी, पुढे पुरेसा. ट्रे भरण्याआधी टाळू गॉजने पुसून कोरडा करा, नाहीतर चिकट लाळेचा थर मापात येतो. पेशंटला गार पाण्याची चूळ भरू द्या.

ट्रे आत नेताना आधी मागची बाजू हळूच टेकवा, मग पुढची वर चढवा. त्यामुळे जादा माल ओठांकडे निघतो. पुष्कळ जण उलटं करतात, पुढून दाबतात आणि सगळा माल घशाकडे जातो. ट्रे बसला की लगेच पेशंटचं डोकं पुढे झुकवा, हनुवटी छातीकडे, हातात ओकण्याचं भांडं, लाळ खाली गळू द्या. गिळायला सांगू नका. असिस्टंटने मोठ्याने, सारख्या लयीत आकडे मोजायचे. "किती वेळ?" या प्रश्नाचं उत्तर ऐकू आलं की भीती निम्मी होते. वाटीत उरलेला माल बोटाने दाबून बघत राहा. तो बोटाला चिकटेनासा झाला, दाबल्यावर परत उसळी घेऊ लागला, की ट्रे बाजूने हवा सोडून एका झटक्यात काढा. हळूहळू ओढत काढणं म्हणजे त्याला परत मागच्या बाजूला चोळणं.

जवळच्या शहरात इंट्राओरल स्कॅनर (तोंडात फिरवून दातांची डिजिटल प्रतिमा घेणारं यंत्र) असलेला दवाखाना असेल तर कॅप, ब्रिजच्या कामासाठी तिकडे पाठवा. चार-पाच दातांचं माप स्कॅनरने घेताना माल घशात जायचा प्रश्नच नाही. दात अजिबात नसलेल्या तोंडात मात्र आपलं जुनंच काम चालू राहणार.

ड्रिल, रूट कॅनाल आणि सक्शन

रबर डॅम, म्हणजे काम चाललेल्या दाताभोवती ताणायचा रबराचा पडदा, लावला की उमासा वाढेल अशी पुष्कळांची समजूत आहे. माझा अनुभव उलटा आहे. त्या पडद्याने पाणी, हायपोक्लोराइटची (नस धुवायच्या औषधाची) चव, फाइलचे (नस साफ करायच्या बारीक सुईचे) तुकडे घशापासून लांब राहतात, आणि नाक मोकळं असेल तर बहुतेक पेशंट शांत होतात. नाक चोंदलेल्याला मात्र लावू नका.

सक्शनची नळी मऊ टाळूला लागू नये. नव्या असिस्टंटचा हात तिथेच जातो, कारण पाणी तिथेच साठतं. नळी गालाच्या खाचेत किंवा जिभेच्या कडेला. आरसा ठेवताना जिभेच्या मागच्या बाजूवर दाब नको, आणि जिभेला हलका, थरथरता स्पर्श तर नकोच. ठाम स्पर्श चालतो.

स्प्रे : कधी आणि किती

लिग्नोकेनचा (बधिर करणाऱ्या औषधाचा) स्प्रे किंवा जेल टाळूवर लावल्यावर पुष्कळांना आराम पडतो. पण घशातलं सगळं बधिर झालं की काहींना गिळताच येत नाही असं वाटतं, आणि भीतीने उमासा उलट वाढतो. म्हणून पहिल्यांदा थोडाच, आणि आधी सांगून.

थेट घशात फवारू नका. गॉजवर मारून तो टाळूच्या मागच्या भागावर टेकवा. दहा टक्क्यांच्या स्प्रेच्या एका पंपात साधारण दहा मिलिग्रॅम औषध असतं, बाटलीवर वाचून खात्री करा. अॅड्रिनलीनशिवायच्या लिग्नोकेनची सर्वमान्य मर्यादा वजनाच्या दर किलोला ४.४ मिलिग्रॅम आहे, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला २२० मिलिग्रॅम. त्यात तुम्ही दिलेलं इंजेक्शनही धरायचं, आणि ओल्या त्वचेतून स्प्रे फार लवकर रक्तात जातो हेही लक्षात ठेवायचं. म्हाताऱ्यांना, बारीक मुलांना आणि लिव्हरचा आजार असलेल्यांना त्याहून कमी.

स्प्रेनंतर घशाची जाणीव पूर्ण परत येईपर्यंत, साधारण तासभर, खायचं-प्यायचं नाही. घरी जाताना बसस्टँडवर उसाचा रस प्यायची लोकांची घाई असते. हे लिहून द्या.

उलटी थांबवायच्या गोळ्या मळमळीवर चालतात. स्पर्शाने येणाऱ्या उमाशावर त्यांचा भरवसा नाही, त्यामुळे सरसकट देऊ नका.

कवळी घातली की येणारा उमासा

"म्याडम, कवळी घातली की उचमळतंय" म्हटलं की घासायचं यंत्र चालवून मागची कड कापायची, ही आपल्याकडची सगळ्यात मोठी घाई. कधी कड खरंच लांब असते. पण कित्येकदा कड आधीच तोकडी असते, किंवा कवळी सैल असते. बोलताना ती खाली घसरते, जिभेच्या मागच्या भागाला गुदगुल्या करते. ती आणखी कापली की मागची पकड गेली, कवळी आणखी सैल आणि उमासा दुप्पट.

म्हणून आधी शोधा. पेशंटला "आ" म्हणायला सांगा, मऊ टाळू हलायला लागतो ती रेषा बघा. कवळीची कड तिथे हवी. त्यापुढे गेली तर लांब, अलीकडे राहिली तर तोकडी. मग कवळीला थोडं चिकटवायचं पावडर लावून घालायला द्या. पावडरने उमासा थांबला तर दोष सैलपणात आहे, कड कापून भागणार नाही, रिलाइन करावं लागेल, म्हणजे कवळीच्या आतल्या बाजूला नवा थर देऊन ती घट्ट बसवावी लागेल. मागची कड जाड आहे का, दात जिभेकडे सरकवून बसवलेत का, दोन्ही जबड्यांमधली उंची जास्त झालीय का, हेही बघा. उंची जास्त असेल तर पेशंट सतत ताणलेला राहतो आणि घसा थकतो.

सगळं ठीक असूनही त्रास असेल तर टाळूचा मधला भाग काढलेली कवळी, किंवा परवडत असेल तर इम्प्लांटवरची, हे पर्याय. आणि सगळ्या हरवलेल्या दाढा भरल्याच पाहिजेत असं नाही. पुढचे दात आणि दोन्ही बाजूंच्या छोट्या दाढांवर पुष्कळ माणसं व्यवस्थित जेवतात.

घरचा सराव

हा तिसऱ्या पायरीपासून पुढच्यांसाठी. मऊ ब्रश घ्यायचा, पेस्ट लावायची नाही. आरशासमोर उभं राहायचं. पुढच्या दातांमागे, टाळूवर ब्रश टेकवायचा, नाकाने श्वास घेत दहापर्यंत मोजायचं. उमासा आला नाही तर गव्हाच्या दाण्याइतकं मागे जायचं. आला, की थांबायचं, ब्रश काढायचा, आणि परत जिथे येत नव्हता तिथे यायचं. तिथेच रोज दोनदा, दोन-तीन मिनिटं. जागा शांत झाली की मगच पुढची. टाळूच्या मागच्या भागापर्यंत पोचायला काही आठवडे लागतात, घाई करणाऱ्याचं काम मागे पडतं. बुजलेल्या बैलाला ढकलून पाणी पाजता येत नाही, तसंच हे.

पेस्टचा फेस आणि पुदिन्याचा उग्रपणा काहींना सहन होत नाही. त्यांनी सराव पाण्यानेच करावा, पेस्ट नंतर वाटाण्याएवढी.

नव्या कवळीचाही असाच सराव. पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटं, तोंडात ठेवून पेपर मोठ्याने वाचायचा किंवा नातवंडांशी बोलायचं. साखरेचा आजार नसेल तर खडीसाखरेचा खडा चघळायचा, असेल तर घोट घोट पाणी. गिळणं चालू राहिलं की घसा गुंततो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत दसऱ्याआधी महिनाभर तरी काम पूर्ण करा, सवय लागायला वेळ हवा. टोळी निघाल्यावर फडावरून कवळी दाखवायला कुणी परत येत नाही.

एवढ्याने भागलं नाही तर

नायट्रस ऑक्साइड (शांत करणारा वायू) चांगलं चालतं, पण ते नाकातून घ्यायचं असतं, म्हणजे परत नाक मोकळं हवं, आणि गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत टाळायचं. मिडाझोलाम या औषधाची गुंगी प्रशिक्षण, पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन आणि उतारा फ्लुमाझेनिल हाताशी असल्याशिवाय देऊ नका. श्वास मंदावू शकतो. पाचव्या पायरीच्या पेशंटला पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत सगळं काम करणं हाही रास्त मार्ग आहे. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा भूलतज्ज्ञ असलेलं मोठं रुग्णालय गाठायला सांगा आणि सोबत चिठ्ठी द्या: आतापर्यंत काय काय करून बघितलं, कुठल्या पायरीवर अडलं.

आणि उलटी झालीच तर

ट्रे, सेन्सर, कापूस, जे आत असेल ते आधी बाहेर. पेशंटला मागे टेकवू नका, पुढे वाकवा, मान एका बाजूला. भांडं हातात द्या, सक्शन चालू ठेवा. खोकला चालू असेल तर खोकू द्या. श्वास घुसमटला, घरघर आली, ओठ निळसर झाले, तर तो आता उमाशाचा प्रश्न उरला नाही, श्वासमार्ग मोकळा करण्याचं काम सुरू करा आणि मदत बोलवा.

एरवी काही बोलू नका, पाणी द्या, एप्रन बदला, जमिनीवरचं असिस्टंटने लगेच पुसावं, बाकीच्या पेशंटसमोर त्याची चर्चा नको. पेशंट लाजलेला असतो, "सॉरी सॉरी" म्हणत असतो. पंधरा मिनिटांनी तोच तयार असेल तर खालचं माप किंवा स्केलिंगसारखं हलकं काहीतरी करून सोडा, उलटीवर बैठक संपवू नका.

मग कार्डावर लिहून ठेवा: कुठली पायरी, कुठल्या नंबरचा ट्रे, मीठ चाललं की पाय, स्प्रे किती पंप, दिवसाची कुठली वेळ. पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर बसलेला असला तरी पेशंटला सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.